साडेचारला आपोआप सुरू झालेला राउटर

जोडचाचणी दुपारी दीडला ठेवली होती. पुण्यात दीड म्हणजे युरोपातल्या जोडीदारांकडे उन्हाळ्यात सकाळचे दहा, म्हणजे सगळ्यांनाच सोयीचं. तिसरा नोड, म्हणजे जाळ्यातलं तिसरं मशिन, दक्षिण भारतातल्या एका संस्थेत होता. तिघांत एनडीएनचं, म्हणजे नेम्ड डेटा नेटवर्किंगचं जाळं उभं करायचं, पुण्यातली 100 एमबीची फाइल बाकी दोघांनी ओढून घ्यायची आणि वेळ मोजायचा. कागदावर तासाभराचं काम.

एनडीएनमध्ये पॅकेटवर मशिनचा पत्ता नसतो. ज्याला माहिती हवी तो 'इंटरेस्ट' पॅकेटमध्ये तिचं नाव लिहून पाठवतो, आणि वाटेत ज्याच्याकडे ती असेल तो 'डेटा' पॅकेट परत करतो. प्रत्येक डेटा पॅकेटवर मूळ उत्पादकाची डिजिटल सही असते, त्यामुळे ते कोणाच्या हातून आलं याने फरक पडत नाही. राउटर आलेला डेटा आपल्या कंटेंट स्टोअरमध्ये ठेवतो आणि पुढच्या मागणीला तिथूनच देऊन टाकतो. 2009 मध्ये पार्क (पीएआरसी) या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या व्हॅन जेकबसन आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधातून ही मांडणी पुढे आली. 2010 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने भावी इंटरनेटसाठी चार प्रकल्पांना पैसे दिले. त्यातला एक एनडीएन. बाकीचे मोबिलिटीफर्स्ट, नेब्युला आणि एक्सआयए.

फाइलमध्ये नुसते यादृच्छिक बाइट भरलेले होते, पण नावांची रचना खगोलशास्त्राच्या धर्तीवर केली होती. पुण्यापासून सुमारे 80 किलोमीटरवर खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आहेत. तसल्या दुर्बिणीची निरीक्षणं दूरदूरचे गट पुन्हा पुन्हा मागतात, आणि वाटेतल्या साठ्याचा खरा उपयोग अशाच ठिकाणी होतो. एका उत्साही विद्यार्थ्याने नावाचा पहिला घटक देवनागरीत 'पुणे' असा ठेवला. चालतं, घटक म्हणजे शेवटी बाइटच. फक्त 'पुणे' म्हणजे यूटीएफ-8 या अक्षरांच्या संकेतपद्धतीत 12 बाइट, आणि लॉगमध्ये त्याची टक्केचिन्हांसह 36 अक्षरी माळ होते. ती दिवसभर डोळे खात होती.

पहिला अडथळा दक्षिणेकडच्या नोडचा. एनएलएसआर हा राउटिंगचा प्रोग्राम शेजाऱ्याला, म्हणजे थेट जोडलेल्या नोडला, दर 60 सेकंदांनी 'हॅलो' पाठवतो आणि उत्तरावरची सही तपासतो. पुणे आणि युरोप दोन्हीकडे हा शेजारी निष्क्रिय दिसत होता. लॉगमधला निरोप असा की सहीची खात्री देणारं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही किंवा त्याची मुदत संपली आहे. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच वाक्य; ज्याने लिहिलं त्याला नमस्कार. सगळ्यांनी अर्थातच मुदत तपासली. ती वर्षभर पुढची होती. सुरुवातीची वेळ त्याच दिवसाची, '110000'. प्रमाणपत्र सकाळी अकरालाच बनवलेलं, त्यामुळे तिथे कोणाला काही खटकलं नाही. चाचणी अडू नये म्हणून हाताने स्थिर मार्ग टाकले आणि पुढे सरकलो.

दक्षिणेकडे फाइल गेली. युरोपकडे पिंग (जोड आहे का ते बघायची छोटी हाक) व्यवस्थित, तुकड्या-तुकड्यांनी जाणारी फाइल मात्र पहिल्या तुकड्यालाच अडकलेली. इंटरेस्ट पुण्यात पोचत होता, डेटा पुण्यातून निघत होता, आणि तिकडे मुदत संपून इंटरेस्ट पुन्हा येत होता. जवळ चालतं, लांब चालत नाही म्हटल्यावर संशय अंतरावर गेला. इंटरेस्टचं आयुष्य मुळातल्या 4 सेकंदांवरून 8 वर नेलं, एका वेळी सोडायच्या इंटरेस्टची संख्या कमी केली. आजार रेड्याला, औषध पखालीला.

खरा प्रकार युरोपातल्या नोडवर टीसीपीडंप, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम, लावल्यावर दिसला. एनडीएनच्या पॅकेटला 8800 बाइटपर्यंत मुभा असते. आमचा तुकडा 8000 बाइटचा. नाव, सही वगैरे धरून पॅकेट साधारण 8230 बाइटचं. ते यूडीपीत, म्हणजे नेहमीच्या इंटरनेटवरच्या एका साध्या पाकिटात, घालून 1500 बाइटच्या इथरनेटवर सोडलं की खालचा आयपीचा थर त्याचे 6 भाग करतो. यूडीपीचा पोर्ट क्रमांक, इथे 6363, फक्त पहिल्या भागात असतो. वाटेतल्या फायरवॉलमध्ये '6363 ला येऊ द्या' एवढाच नियम. उरलेल्या 5 भागांवर पोर्टच नाही, म्हणून ते बाहेरच्या बाहेर टाकले जात होते. टीसीपीडंपमध्ये प्रत्येक पॅकेटचा पहिला भाग तेवढा येताना दिसत होता. पिंगचं पॅकेट छोटं, ते अखंड जातं. दक्षिणेच्या वाटेवर असा नियमच नव्हता.

उपाय एका ओळीचा. पॅकेट पुढे ढकलणारा एनडीएनचा प्रोग्राम म्हणजे एनएफडी; त्याच्या एनएफडीसी या आज्ञेने दुवा बनवताना एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायचा कमाल आकार, 1300 द्यायचा. मग एनडीएनचा स्वतःचा दुवा-थर, एनडीएनएलपी, पॅकेटचे 7 भाग करतो आणि प्रत्येक भाग स्वतंत्र यूडीपी पॅकेट म्हणून, पोर्टसकट जातो. 1400 ऐवजी 1300, कारण मध्ये एखादा टनेल निघाला तर त्याच्या शीर्षकाला जागा उरावी.

पण याची किंमत आहे. 7 पैकी एक भाग हरवला तरी पूर्ण पॅकेट वाया. दर शंभरात एक भाग हरवत असेल तर पॅकेट वाया जाण्याचं प्रमाण साधारण 7 टक्क्यांवर जातं. मग तुकडाच 1000 बाइटचा का ठेवू नये, असा युरोपातल्या गटाचा प्रश्न. ठेवता येतो; पॅकेट एकाच भागात मावतं. पण 12,500 पॅकेटची 1,00,000 होतात आणि प्रत्येकावर वेगळी सही लागते. नाव-सहीचा भार 3 टक्क्यांवरून 23 वर जातो. तोही एवढ्यावर राहतो तो ईसीडीएसए ही सहीची पद्धत वापरल्यामुळे, कारण तिची सही 70-72 बाइटची. 2048 बिटांची आरएसए ही दुसरी पद्धत घेतली तर नुसती सहीच 256 बाइटची. उलट तपासायला आरएसए हलकी पडते, आणि तपासणी ही घेणाऱ्या प्रत्येकाला करावी लागते. माझं मत मोठ्या तुकड्याच्या बाजूने होतं, आणि हरवलेला भाग त्याच दुव्यावर पुन्हा पाठवण्याची एनडीएनएलपीची विश्वासार्हतेची सोय चालू करायची. युरोपवाल्यांनी मोजून बघू म्हटलं, तेही बरोबरच.

त्या मोजणीतून तिसरं गौडबंगाल निघालं. दोन्ही आकार लागोपाठ दोनदा चालवले. 8000 चा दुसरा फेरा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपला. 1000 चा दुसरा फेरा पहिल्याइतकाच रेंगाळला. लहान तुकडा वाईट, असा निष्कर्ष कोणीतरी लिहूनही टाकला. एनएफडीच्या कंटेंट स्टोअरची मूळ क्षमता 65,536 पॅकेटची. 12,500 पॅकेट त्यात आरामात मावतात, म्हणजे तो दुसरा फेरा पुण्यापर्यंत आलाच नव्हता, तिकडच्याच राउटरने भागवला होता. 1,00,000 मावत नाहीत, आणि गंमत अशी की दोनतृतीयांश तरी साठ्यातून मिळावेत, तेही मिळत नाहीत. साठा भरला की सगळ्यांत जास्त काळ न मागितलेलं पॅकेट आधी काढलं जातं. पहिला फेरा संपला तेव्हा पहिले चौतीस हजारांवर तुकडे गेलेले. दुसऱ्या फेऱ्यात ते आणताना त्यानंतरचे हकलले जातात, आणि मागणी तिथे पोचेपर्यंत तेही नसतात. सगळी फाइल ओळीने वाचली तर उपयोग जवळपास शून्य.

म्हणून प्रत्येक फेऱ्याआधी साठा पुसायचा किंवा साठ्यातून देणं बंद ठेवायचं, आणि हे मधल्या राउटरवरच नाही तर मागणाऱ्याच्या मशिनवरही, कारण तिथेही एनएफडी असतो आणि त्याचाही साठा असतो.

हे चालू असताना साडेचारच्या सुमारास दक्षिणेकडचा शेजारी अचानक सक्रिय झाला. पाचच मिनिटांपूर्वी तिथल्या कोणीतरी एनएलएसआर बंद करून पुन्हा सुरू केला होता, त्यामुळे श्रेय त्याला मिळालं. पण रिस्टार्ट दुपारपासून चालूच होते, हाच एक का लागू पडावा? वेळ साडेचारची आहे हे लक्षात आल्यावर उलगडा झाला. प्रमाणपत्रातली वेळ यूटीसीत, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत, असते. दक्षिणेकडचा नोड हे दुसऱ्या संगणकावर चालणारं आभासी मशिन; त्या संगणकाचं घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं, मशिन तेच यूटीसी समजत होतं, आणि वेळ जुळवायचा यूडीपी 123 हा पोर्ट त्या मशिनसाठी बंद. सकाळी अकराला बनवलेल्या प्रमाणपत्रावर यूटीसी 11 ची सुरुवात पडली, म्हणजे आपले साडेचार. तोवर ते जगाच्या लेखी जन्मलेलंच नव्हतं. साडेपाच तासांचा नेमका फरक हा भारतातल्या नोडला होणारा खास आजार आहे. चाचणीआधी तिन्हीकडे यूटीसी वेळ सेकंदांसकट छापून शेजारी शेजारी ठेवायची, तेवढं पुरतं.

123 दुसऱ्या दिवशी उघडून मिळाला. फायरवॉलचा नियम मात्र तसाच राहिला. फायरवॉल सांभाळणाऱ्या विभागाचं म्हणणं असं की पोर्ट नसलेले आयपीचे भाग आत घेतले तर हल्ल्यांना दार उघडं होतं, आणि एका प्रयोगासाठी ते हा धोका पत्करणार नाहीत. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. तिन्ही नोडच्या दुव्यांवर 1300 कायम झाला, विश्वासार्हतेची सोय फक्त पुणे-युरोप दुव्यावर चालू ठेवली, आणि लहान-मोठ्या तुकड्यांची तुलना साठा पुसून नव्याने करायचं ठरलं.