सात ते अकरा

पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आमच्या किराणा दुकानाची खरी वेळ संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. नाशिकच्या पेठ रोडला आमचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, ते टाकलं. नवरा कंपनीत लागल्यापासून मी आणि नाना मिळून बघतो. सकाळी दूध, ब्रेड, चहापत्ती एवढंच जातं. दुपारी तर कुणी फिरकत नाही. संध्याकाळी मात्र मखमलाबादकडच्या द्राक्षबागांतून मजुरांच्या पिकअप परत यायला लागतात आणि तासाभरात काउंटरसमोर उभं राहायला जागा उरत नाही.

या बहुतेक बाया पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या. बागांच्या हंगामात इकडे येतात, रस्त्याच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पालं टाकून राहतात. द्राक्षं उतरली की एप्रिलात खरड छाटणी असते. वर्षभराची काडी खाली उतरवायची, कापलेल्या काड्या वेचून बांधावर न्यायच्या. गाडीतून उतरताना मुकादम हातावर रोज ठेवतो आणि त्या तशाच दुकानात येतात. डोक्यावर काड्यांची मोळी, चुलीला जळण म्हणून. हातांवर ताजे ओरखडे. अर्धा किलो कणी, घरून आणलेल्या बाटलीत वीस रुपयांचं तेल, तिखटाची पुडी, पाच रुपयांची चहापत्ती, पावशेर गूळ. उद्याचे पैसे उद्या येणार, म्हणून उद्याचा माल उद्याच. महिन्याची यादी घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला सकाळ-संध्याकाळ सारखीच. रोजच्या रोज आणून शिजवणाऱ्याला संध्याकाळच लागते, हे दुकानात बसणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं.

२०२१ च्या मार्चअखेरीस, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिकमध्ये नियम आवळायला सुरुवात झाली. मोठ्या बाजारपेठांत शिरायला पाच रुपयांची पावती लागायची, तीही एका तासासाठी. तासापेक्षा जास्त रेंगाळलं तर पाचशे दंड. मग रात्रीची संचारबंदी आली, शनिवार-रविवारचा बंद आला. गुढीपाडव्याला, १३ एप्रिलला, मुख्यमंत्री टीव्हीवर आले आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून राज्यभर १४४ कलम लागलं. किराणा अत्यावश्यक, म्हणून आम्ही उघडेच होतो. काउंटरला आडवी दोरी, रस्त्यावर चुन्याचे गोल, चिल्लर ठेवायला ताट, बाजूला सॅनिटायझरची बाटली. मागच्या वर्षीच्या लॉकडाउनमुळे हे सगळं हाताला बसलेलं होतं.

२० एप्रिलच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर नवा आदेश आला. किराणा, भाजीपाला, फळं, बेकरी, सगळं सकाळी सात ते अकरा. नानांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"म्हणजे संध्याकाळी नाहीच?" ते म्हणाले.

"नाहीच."

पुढे ते काही बोलले नाहीत. पण रात्री उशिरापर्यंत त्यांच्या खोलीतला दिवा चालू होता.

दुसरा दिवस बुधवार, रामनवमी. पहाटे साडेसहाला मी शटरचा कोयंडा काढला तेव्हा गोलांमध्ये माणसं उभी होती आणि गोल संपल्यावर रांग कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत गेली होती. कुणाला सुंठवड्यासाठी सुंठ, खोबरं आणि साखर हवी होती. काळाराम मंदिर सलग दुसऱ्या वर्षी रामनवमीला भक्तांसाठी बंद. जन्माचा पाळणा घरीच हलवायचा म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं लागत होतं. पण सुंठ-खोबरं घेणारे कमीच. बहुतेकांच्या हातात लांब याद्या होत्या. अकरानंतर काही मिळणार नाही, उद्या कदाचित आणखी कमी वेळ होईल, या भीतीनं दोन किलोवाला पाच किलो मागत होता. एरवी दिवसभरात पसरणारी माणसं चार तासांत अंगावर येत होती. गर्दी कमी व्हावी म्हणून वेळ कमी केली होती, आणि एवढी दाटी आमच्या दारात मी दिवाळीतही बघितली नव्हती. दोरीला माणसांच्या पोटांचा रेटा बसून ती काउंटरला चिकटली होती. रांगेतल्या एका काकांना खोकल्याची उबळ आली तशी त्यांच्या मागची माणसं दोन-दोन गोल मागे सरकली आणि ते बिचारे हातानंच "धूळ, धूळ" असं खुणावत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं आणि त्याच वेळी मी मास्क नाकावर आणखी घट्ट ओढला. दोन्ही खरं आहे.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. आम्हाला माल देणारा घाऊक दुकानदारही अकरालाच बंद होणार. म्हणजे विकायची आणि आणायची वेळ एकच. नाना साडेनऊला स्कूटर घेऊन साखर आणि तेलाच्या डब्याच्या मागे गेले ते पावणेअकराला परतले, तेल न घेता. तेलाचे भाव तेव्हा आठवड्याला चढत होते आणि व्यापारी कुणालाही एकापेक्षा जास्त डबा द्यायला तयार नव्हते. त्या दिवशी तर तोही संपला होता. मी एकटी काट्यावर. डाव्या हाताने वजन, उजव्या हाताने हिशोब, तोंडाने "गोलात उभे राहा, गोलात उभे राहा." अकराला पाच कमी असताना पोलिसांची गाडी भोंग्यावर सांगत गेली. मी शटर ओढलं तेव्हाही बाहेर काही माणसं शिल्लक होती.

दुपारी जेवायला बसलो. नानांनी पाटावर रामाची तसबीर मांडली होती, समोर सुंठवड्याची वाटी. तेवढ्यात मोबाइलवर बातम्या यायला लागल्या. शहरातल्याच एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली, पुरवठा तुटला, रुग्ण दगावले. सुरुवातीला ११ म्हणत होते. संध्याकाळपर्यंत तो आकडा २२ वर गेला. आमच्या घरापासून ते रुग्णालय काही फार लांब नाही. गेले पंधरा दिवस रस्त्यावरून रुग्णवाहिका सारख्या जात होत्या. त्या दुपारी सायरन वाजला की आम्ही घास हातात धरून तो विरेपर्यंत गप्प बसत होतो. नानांनी टीव्ही बंद केला. सुंठवडा तसाच राहिला.

हे मी मुद्दाम सांगते आहे. निर्बंध उगाच होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. माणसं श्वासावाचून जात होती. गर्दी मोडणं भागच होतं.

साडेसहाच्या सुमारास शटरवर थापा पडल्या. पहिल्यांदा हळू, मग जोरात. मी वरच्या खिडकीतून पाहिलं. खाली बारा-चौदा बाया, मोळ्या भिंतीला टेकवून उभ्या. रोजच्याच. त्यांच्यातली एक, वयाने मोठी, तिला सगळ्या मावशी म्हणतात, वर बघून म्हणाली, "ताई, आज उघडायचं नाय का? पोरं खोळंबलीत."

त्यांना काही माहीतच नव्हतं. आदेश रात्री निघाला, मोबाइलवर फिरला. या बाया सकाळी साडेसहाला पिकअपमध्ये चढल्या, तेव्हा मी नुकता कोयंडा काढत होते. दिवसभर बागेत. परत आल्या तेव्हा दुकान बंद होऊन साडेसात तास झाले होते. सकाळी अकराच्या आत माल घ्यायचा तर कामाचा खाडा करावा लागणार, आणि खाडा केला तर माल घ्यायला पैसे नाहीत. मी खिडकीतून समजावून सांगितलं. मावशीने पदराच्या गाठीतून नोट काढून वर धरली. पैसे नाहीत म्हणून मी टाळते आहे असं तिला वाटलं असावं. ती नोट बघून मला बोलवेना.

शटर उचललं असतं तर दंड झाला असता, दुकानाला सील लागलं असतं. सील लागलं तर ही सकाळही गेली. नाना मागे येऊन उभे राहिले होते. मी आदेश पुन्हा उघडला आणि शेवटपर्यंत वाचला. त्यात एक ओळ होती, सकाळच्या घाईत नीट न वाचलेली. घरपोच सेवा सकाळी सात ते रात्री आठ.

"नाना, घरपोच चालतं आठपर्यंत."

"त्यांचं घर कुठाय?" नाना म्हणाले. खरंखुरं विचारत होते.

"पालं आहेत ना."

मी खिडकीतून ओरडले, "तुम्ही घरी जा. एकेकीनं काय पाहिजे ते सांगा आणि जा. मी घेऊन येते तिकडे." बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मग मावशीने सुरुवात केली. मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहीत गेले. नावं कुणाचीच ठाऊक नव्हती. इतकी वर्षं माल देते, पण नाव विचारायची वेळ आली नव्हती. म्हणून लिहिलं ते असं: मावशी, कणी १ किलो, तेल २०. लाल लुगडं, कणी अर्धा, गूळ पावशेर. लहान बाळवाली, कणी अर्धा, चहापत्ती, साखर १० ची. अशा चौदा ओळी झाल्या.

मागच्या दाराने आत जाऊन नानांनी कणीचा कट्टा फोडला. ते काट्यावर, मी पुड्या बांधायला. बाटल्या घरी गेलेल्या, म्हणून तेल आमच्याच रिकाम्या बाटल्यांत भरलं. डब्यात तळाशी होतं तेवढंच. सगळ्यांना दोन-दोन बोटं कमी आलं. सव्वासातला मी दोन पिशव्या अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी आणि एक हँडलला लावून निघाले.

चौकात बॅरिकेड होतं. हवालदारांनी हात केला. वयस्कर गृहस्थ. मास्कच्या पट्ट्यांनी कानामागे लाल वळ उठलेले.

"कुठं चाललात, ताई?"

"घरपोच द्यायला, साहेब. किराणा आहे."

"पत्ता?"

मी मागच्या प्लॉटचं सांगितलं. ते म्हणाले, तिथं तर बिल्डिंग नाही. मी वहीचं पान पुढे केलं. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं. मावशी. लाल लुगडं. लहान बाळवाली. पान घडी करून त्यांनी परत दिलं आणि बॅरिकेड स्वतः बाजूला ओढलं. "आठच्या आत माघारी या. माझी ड्युटी आठलाच बदलते," एवढंच म्हणाले.

पालांजवळ पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. तीन दगडांच्या चुली पेटलेल्या, द्राक्षाच्या काड्या तडतडत होत्या. प्रत्येक चुलीवर पातेलं चढलेलं. मला वाटलं, चला, काहीतरी घरात होतं यांच्या. जवळ गेले आणि पातेल्यात डोकावले. नुसतं पाणी होतं. आधण. मी येते म्हणाले म्हणून त्यांनी आधण ठेवून दिलं होतं आणि ते खळखळत होतं. मावशीच्या चुलीवरचं आटून अर्ध्यावर आलं होतं. तिने कळशीतून आणखी पाणी ओतलं, पुडीचं तोंड फाडलं आणि कणी धुऊन सरळ आत सोडली.

मग पैशांचा घोळ समोर आला. मुकादमाने दोघी-दोघींत मिळून पाचशेची एक नोट दिली होती. तो रोज तशीच देतो. एरवी सुटे करायचं काम आमच्या गल्ल्यावर होतं, मुकादम ते गृहीत धरतो. दुकान संध्याकाळी बंद म्हणजे किराणाही बंद आणि सुटेही बंद, हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याकडे दीडशे-दोनशेची चिल्लर असेल. पाचशेच्या सात नोटा आणि चौदा हिशोब. शेवटी कुणाच्याच नोटा घेतल्या नाहीत. पानावरच प्रत्येकीच्या नावापुढे रक्कम लिहिली. त्या वेळी पहिल्यांदा नावं विचारली आणि खुणा खोडून नावं घातली. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी बाजूला उभी राहून मी काय लिहिते ते बघत होती. शाळा बंद झाल्यापासून ती आईसोबत इथे आलेली. मी लिहिलेलं नाव तिने वाचून दाखवलं आणि एका ठिकाणी माझी चूक काढली, आडनाव चुकलं होतं. मी तिला विचारलं, उद्या दुपारी सगळ्यांच्या याद्या लिहून ठेवशील का? ती मान हलवून आत पळाली आणि वही घेऊनच बाहेर आली.

मावशी म्हणाली, "ताई, थांब, भात होऊ दे, खाऊन जा." मी घड्याळ दाखवलं. आठला दहा कमी होती.

बॅरिकेडवर तेच हवालदार होते. मी हात केला, त्यांनी मान हलवली. घरी आले. मागच्या दारातून बघते तर नाना दुकानात खाली बसलेले, पुढ्यात कणीचा कट्टा. अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या भरून त्यांना सुतळी बांधत होते. सतरा-अठरा झाल्या होत्या.

"उद्या तेल कुठून आणायचं ते बघ," ते वर न बघता म्हणाले.

मे महिनाभर हे असं चाललं. त्या मुलीची वही संध्याकाळी पाचला नाना स्वतः जाऊन आणायचे. हिशोब आठवड्याला मिटायचा, बहुतेकींचा मिटला. मावशीचे बारा रुपये राहिले होते. जूनमध्ये पाऊस झाला आणि भाताच्या आवणीला गावी जायचं म्हणून गाडीत बसण्याआधी ती दुकानाशी आली, पदराच्या गाठीतून दहाची नोट आणि दोनचं नाणं काढून तिने ताटात ठेवलं, आणि वहीतलं तिचं नाव माझ्याकडून खोडवून घेतलं.