वहीतली घरं

परदेशी विद्यार्थ्यांची जबाबदारी घेणाऱ्या ऑफिसात एक यादी रोजच्या रोज नीट ठेवावी लागते. कोण कुठल्या 'कोस'मध्ये, म्हणजे भाड्याच्या खोलीत राहतं, घरमालकिणीचा फोन कोणता, या आठवड्यात शहराबाहेर कोण गेलंय. इंडोनेशियाच्या जावा बेटावरच्या योग्यकर्त्याला, म्हणजे तिथल्या सगळ्यांच्या 'जोग्जा'ला, माझं काम हेच होतं. पुण्यात संस्कृतात एम.ए. केल्यावर इंडोनेशिया सरकारच्या धर्मसिस्वा शिष्यवृत्तीवर मी जावानी भाषा शिकायला गेले आणि नंतर ऑस्ट्रेलियातल्या काही विद्यापीठांच्या एका छोट्या गटाच्या ऑफिसात रुजू झाले.

ऑस्ट्रेलियन मुलांनी एखादं सत्र इंडोनेशियातच राहून शिकावं, ही वाट पाडली मर्डोक विद्यापीठाच्या डेव्हिड हिल यांनी. इंडोनेशियन शिकणारी मुलं प्रत्येक विद्यापीठात मोजकीच असायची. त्यांचे व्हिसे, प्रवेश, तिकडचे गुण इकडे धरून घेणं, हे सगळं एकट्याने करणं कुणालाच परवडत नव्हतं. म्हणून 1994 साली हिल यांच्या पुढाकाराने विद्यापीठांचा संघ उभा राहिला आणि मुलं जोग्जाच्या गाजा मादा विद्यापीठात यायला लागली. आमच्यासारखे लहान गट त्याच वाटेने पुढे आले.

ही वाट नाजूक आहे. 12 ऑक्टोबर 2002 ला बालीत बॉम्बस्फोट झाले. 202 माणसं गेली, त्यातले 88 ऑस्ट्रेलियन. त्यानंतर बरीच वर्षं ऑस्ट्रेलियन सरकारचा इशारा असा होता की इंडोनेशियाला जाण्याचा फेरविचार करा. पालक बिचकले, विद्यापीठं बिचकली, विमा कंपन्यांनी तर हातच वर केले. आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक होतं की एका विद्यार्थ्याला काही झालं तर पुढच्या दहा वर्षांच्या मुलांचा रस्ता बंद होईल. ही भीती डोक्यात ठेवूनच आम्ही काम करायचो, आणि ती योग्यच होती असं मला आजही वाटतं.

2010 च्या ऑक्टोबरात जोग्जाच्या उत्तरेचा मेरापी ज्वालामुखी जागा झाला. 25 तारखेला धोक्याची पातळी सर्वांत वरच्या 'आवास'वर नेली आणि वरची गावं खाली आणायला सुरुवात झाली. 26 ला संध्याकाळी पहिला स्फोट झाला. जोग्जाच्या सुलतानांनी नेमलेले पर्वताचे राखणदार म्बाह मारिजान आपलं किनाहरेजो गाव सोडायला तयार झाले नव्हते, ते त्यातच गेले. आमची एक विद्यार्थिनी त्याच उतारावर, चांगक्रिंगानमधल्या एका वाडीत राहून प्रबंधाचं काम करत होती. मूळची ऑस्ट्रेलियातल्या डार्विनची. विषय होता दुभत्या गाई आणि चारा. मेरापीच्या उतारावर घरटी एकदोन दुभत्या गाई असतात आणि बायका पहाटे डोंगरात जाऊन गवताचे भारे पाठीवर आणतात. ही मुलगीही त्यांच्याबरोबर जायची. 25 लाच मी तिला खाली बोलावून घेतलं. ती आली, पण वाडीतल्या लोकांना भेटायला छावणीत रोज जात राहिली.

4 नोव्हेंबरच्या रात्री झोप कुणालाच नव्हती. सतत गुरगुर ऐकू येत होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मध्यरात्रीनंतर सगळ्यात मोठा स्फोट झाला. आधी दहा किलोमीटरवरून पंधरावर नेलेली धोक्याची हद्द रात्रीतून वीस किलोमीटर केली गेली. म्हणजे पंधराच्या बाहेर सुरक्षित समजून वसवलेल्या छावण्यासुद्धा आता धोक्यात आल्या. गेंडोल नदीच्या पात्रातून तापलेल्या राखेचा लोट शिखरापासून पंधरा किलोमीटरहून खाली उतरला आणि अर्गोमुल्यो गावात झोपेतली माणसं गेली. हजारो लोक अंधारात, अंगावर वाळूमिश्रित राख झेलत, मिळेल त्या ट्रकवर, स्कूटरवर खाली पळाले. घरातलं कोण कुठल्या गाडीत चढलं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी शहर करड्या रंगाचं झालं होतं. नारळाच्या झावळ्या राखेच्या वजनाने खाली लोंबत होत्या. आदिसुचिप्तो विमानतळ बंद. तिकडे ऑस्ट्रेलियात ऑफिसं उघडली तसे निरोप सुरू झाले: सगळ्या मुलांना आजच शहराबाहेर काढा. पुण्याहून आईचाही फोन आला, तिने टीव्हीवर पाहिलं होतं. तिला दोन वाक्यांत सांगून ठेवला. तुगू स्टेशनवर सहकाऱ्याला तिकिटांच्या रांगेत उभं केलं आणि यादीवर बोट ठेवून एकेकाला फोन लावत गेले. सगळे सापडले. डार्विनची मुलगी तेवढी खोलीवर नव्हती. तिचा मेसेज होता: "म्बाक (ताई), मी मागुवोहार्जोला आहे. तुम्ही इथे या. वहीबद्दल विचारायचंय."

मागुवोहार्जो म्हणजे जोग्जाला लागून असलेल्या स्लेमान जिल्ह्याचं फुटबॉल स्टेडियम. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालच्या गोल मार्गिकेत चटयांवर चटया अंथरलेल्या, त्यावर माणसं. केळीच्या पानात आणि कागदात बांधलेल्या भाताच्या पुड्या शहरातून येतच होत्या. घराघरांत बायका पहाटेपासून रांधत होत्या. भिंतीवर नावांचे कागद चिकटवलेले. कर्ण्यावरून सारखी नावं पुकारली जात होती आणि बहुतेक नावांना कुणी उठत नव्हतं.

का उठत नव्हतं, ते तिने मला दाखवलं. जावात जुन्या पिढीत आडनाव नसतं. ओळखपत्रावर एकच नाव, तेही गावात चौघींचं तेच. लग्नानंतर पुरुष नवं, मोठेपणाचं नाव घेतो आणि त्याच नावाने बायकोलाही हाक मारतात. माहेरचं नाव कागदावर राहतं, शेजाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. सासरी नाव बदललेल्या बायकांच्या घरात वाढल्यामुळे मला हे लगेच समजलं. पण नोंदणीच्या टेबलावर बसलेले स्वयंसेवक विद्यापीठातली मुलं होती, कुणी मेदानचं, कुणी मकास्सरचं, कुणी पापुआचं. त्यांना जावानी येत नव्हती आणि म्हाताऱ्यांना धड इंडोनेशियन येत नव्हती.

आणि हिच्या वहीत ते सगळं होतं. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली जाड वही. प्रत्येक घराला एक पान. घराचा नकाशा, कार्डावरचं नाव, हाकेचं नाव, नातवंडं, कोण कामाला बाहेरगावी. त्याखाली गाई किती, दूध किती लिटर, आणि सगळ्यात खाली कर्ज किती आणि कुणाकडून घेतलेलं.

एका स्वयंसेवकाने ती वही पाहिली होती. "पाच मिनिटांत झेरॉक्स काढून आणतो," असं तो कळवळून सांगत होता. चूक त्याचीही नव्हती. पण प्रत्येक घरात बसून या मुलीने शब्द दिला होता की ही वही कुणाच्या हाती पडणार नाही. सावकार बऱ्याचदा शेजारीच, आणि तो आता त्याच छावणीत दोन चटया सोडून बसलेला. तिने प्रबंधाच्या मार्गदर्शकांना फोन लावून पाहिला होता, लागला नव्हता. ती रडत नव्हती, पण वही छातीशी घट्ट धरून उभी होती. म्हणाली, "मी दिली तर शब्द मोडतो. नाही दिली आणि कुणी वर राहिलं असेल तर?"

मी थोडा वेळ गप्प राहिले. मला सुचलं ते एवढंच, की ही वही ज्यांची आहे ती माणसं इथेच बसली आहेत. विचारायचं तर त्यांनाच विचारू. आम्ही वाडीच्या पाक दुकुहकडे, म्हणजे वाडीप्रमुखांकडे गेलो. साठीचे गृहस्थ, रात्रभर जागलेले, खांद्यावर ओला टॉवेल. तिने खाली बसून, नजर खाली ठेवून, मानाच्या क्रामा जावानीत सगळं सांगितलं. वहीत काय आहे तेही लपवलं नाही. एका डार्विनच्या मुलीच्या तोंडून ती भाषा इतकी स्वच्छ येत होती की आजूबाजूच्या बायका बोलायच्या थांबल्या.

पाक दुकुहनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, "वही तुमच्याच हातात राहू दे. तुम्ही नुसती नावं वाचा, दोन्ही नावं. खुणा मी करतो. बाकीचं मला ऐकायचं नाही."

तसंच झालं. ती वाचत होती, गुडघ्यावर कोरा कागद घेऊन ते उभ्या रेघा मारत होते, भोवती जमलेल्या बायका मधेच सांगत होत्या: ही क्लातेनच्या छावणीत आहे, भाचीचा फोन आला. हा मुलाकडे बांतुलला. स्वयंसेवकांची मुलं तो कागद घेऊन कर्ण्याकडे पळत होती, आणि आता पुकारलं की माणसं उठत होती. एक आजी तर टेबलापासून हाकेच्या अंतरावर सकाळपासून बसून होत्या. कार्डावरच्या नावाने त्यांना पुकारलं जात होतं, आणि ते नाव आपलं आहे हे त्या घाईत त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलगा धावत आला, त्यांच्या पायांशी बसला आणि बसूनच राहिला.

दुपारी ऑस्ट्रेलियाहून पुन्हा फोन: ती गाडीत बसली का? मी सांगितलं, रात्रीच्या जकार्ता गाडीचं तिकीट हातात आहे, तोवर ती माझ्याबरोबर आहे आणि स्टेडियम वीस किलोमीटरच्या हद्दीबाहेर आहे. तिकडून नापसंती स्पष्ट होती. मी ते लेखी पाठवलं आणि खाली माझं नाव घातलं.

संध्याकाळपर्यंत काही घरांपुढे रेघ मारायची राहिली होती. त्यातली बहुतेक माणसं पुढच्या दिवसांत इतर छावण्यांत मिळाली. दोघांची बातमी सार्जितो रुग्णालयातून आली. दोघंही गाईंना चारा घालायला वर गेले होते. त्या महिन्यात हे सारखं घडत होतं. माणसं खाली आणली तरी जनावरं वर बांधलेली होती आणि ती उपाशी ठेवून कुणालाही बसवत नव्हतं. जनावरं विकत घेऊ असं सरकारने जाहीर केलं, पण तो शब्द प्रत्येक चटईपर्यंत पोहोचायला वेळ लागला. त्या उद्रेकात साडेतीनशेहून अधिक माणसं गेली आणि साडेतीन लाखांहून जास्त विस्थापित झाली.

मुलीला रात्री तुगू स्टेशनवर गाडीत बसवलं. वही तिने पिशवीत न टाकता जॅकेटच्या आत ठेवली होती. बोलण्याचं त्राण दोघींनाही नव्हतं.

पुढच्या वर्षी ती परत आली. वाडीचे लोक तेव्हा बांबूच्या तात्पुरत्या घरांत राहत होते. तोवर विद्यापीठाच्या नीतिविषयक समितीशी बरंच भांडून आम्ही संमतीच्या फॉर्मवर एक प्रश्न वाढवून घेतला होता: आपत्ती आली तर घरातल्यांची फक्त नावं वाडीप्रमुखांना सांगितली तर चालेल का? पहिल्याच घरी त्या स्टेडियममधल्या आजींनी प्रश्न ऐकून घेतला, हो म्हणाल्या, आणि तिला थांबवून म्हणाल्या, "गाईंना चारा कोण घालतं तेही लिहून ठेव. वर जातो तो तोच असतो." तो रकाना तिने त्याच दुपारी पेनाने आखून घेतला. पुढच्या छपाईत तो फॉर्मवर आला.