एका रेघेसाठी

भूविज्ञानाच्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, "या दोन थरांच्या मधल्या रेघेत काय आहे?" मी म्हणाले, "काही नाही सर, नुसती रेघ." बाहेरून आलेले परीक्षक हसले आणि त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं. मार्क किती गेले ते विसरले, हसणं विसरले नाही. शेवटी या वर्षी ती रेघ प्रत्यक्ष बघायला स्कॉटलंड गाठलं. सोबत वर्गमैत्रीण. ती आता भूजलात काम करते.

एडिंबरातले तीन दिवस पावसात वाहून गेले. चौथ्या दिवशी सिकर पॉइंट, समुद्रात घुसलेलं खडकाळ टोक.

कॉकबर्नस्पाथ गावाच्या पुढे, शेतांच्या कडेने चालत गेलं की सेंट हेलेन्स चॅपलचे भग्नावशेष लागतात आणि मग एकदम जमीन संपते. खाली समुद्र, मध्ये ओल्या गवताचा सरळसोट उतार. मी तो बहुतांश बसून उतरले. मैत्रीण मात्र मध्येच थांबून "पाणी कुठून झिरपतंय बघ" म्हणून दाखवत होती. माझं लक्ष पायांवर. भूविज्ञानाची शाखा निवडताना माणसाचा स्वभाव ठरतो की उलट, कोण जाणे.

खाली ग्रेवॅकचे, म्हणजे चिखल मिसळलेल्या वाळूच्या टणक खडकाचे, करडे थर, ताटाळ्यात ताटं लावावीत तसे जवळजवळ उभे. त्यांच्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर, जरासेच कललेले. करडे सुमारे 43.5 कोटी वर्षांपूर्वीचे, खोल समुद्रात साचलेले. खंड एकमेकांवर रेटले गेले, तो समुद्र मिटला, आडवे थर उभे झाले, वर उचलले गेले, झिजले. मग त्या झिजलेल्या जमिनीवर नद्यांनी तांबडी वाळू आणून टाकली, ती सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वी. दोन्हींच्या मध्ये माझी रेघ.

मी तिच्यावर तळहात ठेवला. करंगळी करड्यावर, अंगठा तांबड्यावर. डायनोसॉर संपल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, जवळपास तेवढा माझ्या हाताखाली होता, आणि त्याची एकही चीज शिल्लक नव्हती. म्हणजे "काही नाही" हे उत्तर तसं चूक नव्हतं. पुढे विचारायचं राहिलं होतं एवढंच: एवढे डोंगर होते, ते गेले कुठे? थोडेसे तर तिथेच होते. तांबड्या थराच्या तळाशी करड्या दगडाचे कोनेदार तुकडे अडकलेले दिसतात. मला रडू आलं. वारा फार होता असं मी मैत्रिणीला सांगितलं.

भूवैज्ञानिक जेम्स हटन 1788 मध्ये इथे होडीने आला. सोबत गणिती जॉन प्लेफेअर आणि सत्तावीस वर्षांचा जेम्स हॉल. काळाच्या त्या खोलीत डोकावताना डोकं गरगरलं, असं प्लेफेअरने नंतर लिहून ठेवलं. हॉलचं मला जास्त कौतुक. त्याने पुढे खडक भट्टीत वितळवून सावकाश थंड केले आणि कापडाच्या घड्या फळ्यांमध्ये दाबून थरांना वळ्या कशा पडतात ते दाखवलं. आम्ही मात्र खनिजविज्ञान, शैलविज्ञान, स्तरविज्ञान, पुराजीवविज्ञान, संरचनात्मक भूविज्ञान असे वेगवेगळे पेपर दिले आणि एका पेपरचं दुसऱ्यात येऊ दिलं नाही. इथे उभं राहिलं की वाळूचे कण बघायला एक, उभे थर समजायला दुसरा, वय ठरवायला तिसरा, असं सगळं एकाच दगडावर लागतं. स्तरविज्ञान मी पाठ केलं होतं, गाईड वाचून. कबूल करते.

आणखी एक कबुली. सॅकमध्ये हॅमर होता. घरून निघाल्यापासून तो ओझं होऊन बसला होता, तरी सोडवत नव्हता. खडकाचा खरा रंग कळायला ताजा भंग लागतो, हे शैलविज्ञानवाल्यांच्या हातात भिनलेलं असतं. पण रेघेला लागूनच कुणीतरी अलीकडे तुकडा काढल्याची खाच दिसली आणि मी चिडले. दोन शतकांहून अधिक काळ माणसं जे बघायला येतात, ते घरी शोकेसमध्ये ठेवायचं? मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या सॅकमध्ये काय आहे?" मी पाण्याची बाटली काढून प्यायले.

चढताना गुडघ्यांनी सूड घेतला. वर कुत्रा घेऊन एक आजोबा उभे होते. खाली पाहण्यासारखं काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"एक रेघ आहे," मी धापा टाकत म्हणाले.

त्यांनी चिखलाने भरलेली माझी पॅंट एकदा नीट बघितली आणि कुत्र्याला घेऊन परत फिरले.