आमची वाटचाल: डिस्टिलरीच्या चोथ्यापासून आंबवलेलं पशुखाद्य

धान्यापासून मद्यार्क काढताना पिष्ट तेवढं खर्ची पडतं. प्रथिनं, तंतू आणि स्निग्धांश चोथ्यात राहतात. मक्यात पिष्टच सुमारे दोन तृतीयांश, म्हणून उरलेलं सगळं जवळपास तिप्पट दाट होतं. दाण्यावरच्या बुरशीचं विषही तितकंच दाट होतं. आंबवल्याने अफ्लाटॉक्सिन (असंच एक बुरशीचं विष) जाईलच याची खात्री नसते, त्यामुळे आमच्याकडे तपासणी गाडी उतरवण्याआधी होते.

सुरुवात आम्ही नुसता चोथा सुकवण्यापासून केली. ओल्या चोथ्यात ६५ ते ७० टक्के पाणी असतं. ते उडवायला इंधन भरपूर लागतं, आणि आच जास्त झाली की लायसिन, म्हणजे प्रथिनातलं एक गरजेचं अमिनो आम्ल, साखरेशी बांधलं जातं. माल काळपट पडतो. अहवालात प्रथिनं पूर्ण दिसतात, पण जनावराच्या अंगी लागत नाहीत. कोंबड्यांच्या खाद्यात तर लायसिनची चणचण असतेच. म्हणून आम्ही आंबवण्याकडे वळलो.

सगळा खेळ ओलाव्याचा आहे. ६८ टक्के ओलाव्याच्या १०० किलो चोथ्यात १२ टक्के ओलाव्याचा ४७ किलो गव्हाचा कोंडा मिसळला की मिश्रण ५० टक्क्यांवर येतं. मुठीत दाबल्यावर बोटांमध्ये ओल जाणवावी, पण थेंब गळू नये. मूठ उघडल्यावर गोळा राहावा आणि बोट लावताच फुटावा. थेंब गळला तर मधे हवा पोचत नाही आणि घाण वासाचं ब्युटिरिक आम्ल बनवणारे जिवाणू माजतात.

चोथा गरम येतो. तो ४० अंशांखाली आला की लगेच विरजण लावायचं, कारण निवत असतानाच हवेतली बुरशी त्यावर बसते. आधी बॅसिलस सबटिलिस: ट्रेमध्ये १० ते १५ सेंटिमीटर थर, ३७ अंश, साधारण २४ तास, दमट हवा खेळती ठेवून. हे जिवाणू प्रथिनं आणि तंतू फोडतात, स्वतः उष्णताही सोडतात. थर जाड असला तर मध्यभाग ४५ अंशांपुढे जातो. हा टप्पा लांबला की अमोनियाचा वास येतो. तो वास म्हणजे हवेत उडून जाणारा नायट्रोजन, म्हणून आम्ही घड्याळापेक्षा नाकावर आणि सामू (pH) मापकावर भिस्त ठेवतो. मग लॅक्टोबॅसिलस (माल आंबट करणारे जिवाणू) आणि यीस्ट घालून माल एकदिशा झडपेच्या पिशव्यांत गच्च भरायचा. वायू बाहेर पडतो, हवा आत येत नाही, आणि दोन-तीन दिवसांत सामू ४.५ च्या आसपास उतरतो. पिशवीच्या कोपऱ्यात हवा राहिली तर बुरशी तिथूनच धरते.

ग्राहकांना आम्ही एक गोष्ट आवर्जून सांगतो. १०० किलो शुष्क मालात ३० किलो प्रथिनं असतील आणि आंबताना १० किलो कर्बोदकं जळाली, तर टक्केवारी ३० वरून ३३ होते. प्रथिनांचं वजन मात्र तेच! शिवाय नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढलेल्या आकड्यात युरियाही प्रथिन म्हणून मोजला जातो. म्हणून खरं प्रथिन आणि पचणारं लायसिन विचारावं.

जवळच्या गोठ्यांना माल ओलाच जातो, विरजण जिवंत राहतं. लांबच्यासाठी तो ६० अंशांखाली सुकवतो. बॅसिलसचे बीजाणू त्यात टिकतात, लॅक्टोबॅसिलस बहुतेक मरतात. गंधकाम्लाने सामू साधणाऱ्या कारखान्याचा चोथा असेल तर गंधकही तपासतो, कारण जास्त गंधकाने गुरांच्या मेंदूला इजा होते.