चातुर्मासातलं बँकॉक

भाऊबीज आटोपून आम्ही चौघं मुंबईहून रात्रीच्या विमानानं निघालो, तेव्हा मला दोन काळज्या होत्या: सासूबाईंचे गुडघे आणि त्यांचा चातुर्मास. कार्तिकी एकादशी होईपर्यंत त्या कांदा-लसूण खात नाहीत. ज्या शहरात साध्या पालेभाजीतही माशाचं सॉस पडतं, तिथे त्यांना काय खायला घालायचं, हा प्रश्न तिकिटं काढल्यापासून माझ्या डोक्यात होता. नवऱ्याचं आणि नऊ वर्षांच्या लेकीचं कसंही भागलं असतं.

कागदपत्रांचं सोपं होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीयांना थायलंडमध्ये फिरायला जाण्यासाठी व्हिसा लागत नव्हता. मात्र 1 मे 2025 पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं झालंय. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ते ऑनलाइन भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, लहान मुलांचंसुद्धा. सरकारी फॉर्मला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर तिथून सरळ मागे फिरा.

खरा अभ्यास मी केला तो मुक्कामाच्या जागेचा. बँकॉकच्या रस्त्यांवरच्या कोंडीबद्दल ऐकलेलं सगळं खरं आहे, त्यामुळे टॅक्सीच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलं होतं. नकाशा समोर घेऊन मेट्रोची निळी मार्गिका पाहिली, तर आम्हाला हवं ते बहुतेक सगळं तिच्यावरच होतं: चायनाटाऊन, वाट फो (तिथे ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर), दोन मोठ्या बागा. म्हणून सुखुमवित रस्त्यावर, असोक चौकाजवळ खोल्या घेतल्या. खोली थोडी लहान मिळाली, पण स्टेशनला लिफ्ट होती. घरात वयस्कर माणूस असेल तर हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाआधी ही लिफ्ट बघावी, असं माझं ठाम मत आहे.

सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरातूनच शहरात जाणारी रेल्वे सुटते. तिनं मक्कासानपर्यंत जायचं, जोडपुलावरून फेचबुरी मेट्रो स्टेशन गाठायचं आणि तिथून एकच स्टेशन पुढे सुखुमवित. तिथलं चलन बात; एक बात म्हणजे तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास, आणि रेल्वेचं भाडं माणशी पस्तीस बात. सामानासकट चौघं आरामात आलो. मेट्रोच्या फाटकावर बँकेचं संपर्करहित कार्डच टेकवता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. मुलांसाठी खिडकीवरून टोकन घ्यावं.

त्या सकाळी शहर बघून आम्ही गप्पच झालो. रंगीत, झगझगीत, गोंगाटाचं बँकॉक मनात धरून आलो होतो आणि गाडीत निम्मी माणसं काळ्या कपड्यांत. थायलंडच्या राजमाता सिरिकित यांचं आदल्याच रात्री, 24 ऑक्टोबरला, त्र्याण्णवाव्या वर्षी निधन झालं होतं. पडद्यांवर जाहिरातींच्या जागी त्यांचं छायाचित्र. कामं चालू होती, दुकानं उघडी होती, गाड्या वेळेवर धावत होत्या. आवाज मात्र उतरलेला. सासूबाईंनी खोलीवर पोचल्यावर दिवाळीची केशरी साडी पिशवीत तळाशी ठेवली आणि राखाडी काढली. “दुसऱ्याच्या घरात दुःख आहे गं,” एवढंच म्हणाल्या. लेकीलाही मी साधा फ्रॉक घातला.

आणि जेवणाचा प्रश्न? तो रस्त्यानंच सोडवला. 21 ते 29 ऑक्टोबर हा तिथल्या चिनी वंशाच्या लोकांचा शाकाहाराचा उत्सव होता. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस कडक पथ्य पाळतात: मांस, मासे, अंडी, दूध काही नाही, आणि लसूण-कांदाही नाही! या जेवणाला ‘जे’ म्हणतात. लाल अक्षरांचं पिवळं निशाण लावलेली गाडी दिसली की डोळे मिटून खावं. असोकच्या गल्लीत निशाणं, नाक्यावरच्या सेव्हन-इलेव्हन दुकानात डब्यांवर तीच खूण.

संध्याकाळी मेट्रोनं वाट मांगकोनला उतरलो. हे चायनाटाऊनचं स्टेशन, आणि वर आलं की यावरात रस्त्याची सगळी गर्दी अंगावर येते. तिथे पांढऱ्या कपड्यांतले व्रतस्थ आणि काळ्या कपड्यांतले शोकाकुल एकाच फुटपाथवर, एकाच कढईसमोर रांगेत उभे होते. अळकुड्यांचे तळलेले काप शेंगदाण्याच्या गोडसर चटणीबरोबर, तळलेलं टोफू, भाज्या घातलेल्या नूडल्स, वाफवलेला मका. सासूबाईंनी सगळं चवीनं खाल्लं. एका गाडीवर मात्र त्या थबकल्या, कारण सोयाचे आणि गव्हाच्या सत्त्वाचे तुकडे हुबेहूब मांसासारखे केले होते. विक्रेतीनं निशाणाकडे बोट दाखवून हात जोडले. तरी त्यांनी ते घेतलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

गर्दीबद्दल एक सांगायलाच हवं. एवढ्या दाटीत आम्हाला कुणी ढकललं नाही. सरकत्या जिन्यावर सासूबाई पाऊल टाकायला वेळ घेत, तर मागची रांग थांबे. गाडीत त्यांना जागा मागावी लागली नाही. फुटपाथवरून मोटारसायकली येतात, तेवढं मात्र लेकीचा हात धरून सांभाळावं लागतं.

पत्ता शोधायची रीत समजून घ्यावी लागली. मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्या म्हणजे सोइ. एका बाजूला विषम आकडे, दुसऱ्या बाजूला सम. पण दोन्ही बाजूंचे आकडे बरोबरीनं वाढत नाहीत. थोंग लो स्टेशनपाशी सोइ 55 च्या समोर सोइ 38 येते. समोरचा आकडा बघून अंदाज बांधू नये.

वाट फोसाठी सनाम चाय स्टेशन. स्टेशनच राजदरबारासारखं सजवलंय. निजलेला बुद्ध 46 मीटर लांब आहे, आणि फोटोत कितीही पाहिला असला तरी त्या दालनात शिरल्यावर सासूबाई हात जोडून जागीच उभ्या राहिल्या. भिंतीशी 108 कांस्यपात्रं आहेत. सुट्टी नाणी घेऊन लेकीनं एकेका पात्रात टाकली. तो किणकिणाट सगळ्या दालनात चालू असतो. नंतर ता तियेनच्या धक्क्यावरून पाच बातच्या होडीनं पलीकडे वाट अरुण. तिथल्या पायऱ्या फार उभ्या, सासूबाई खाली सावलीत बसल्या.

एका संध्याकाळी बेंजाकित्ती बागेत होतो. सिरिकित यांच्या साठीनिमित्त केलेली ही बाग, पुढे तंबाखूच्या कारखान्याची जमीन मिळून तिच्यात पाणथळ जंगल आणि त्यावरून उंच चालण्याचा मार्ग झाला. बरोबर सहाला राष्ट्रगीत लागलं. धावणारे, सायकलवाले, सगळे जागच्या जागी उभे. आम्हीही. संपल्यावर लेकीनं विचारलं, “रोज?” रोजच, सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला.

29 नंतर निशाणं उतरली, तेव्हा थोडी धावपळ झाली. ‘माई साई नाम प्ला’, म्हणजे माशाचं सॉस नको, एवढं थाई मी पाठ केलं होतं, पण कांदा-लसणीचं कुठवर समजावणार! मग सकाळी फळं, नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा, आणि दुपारी साम योत स्टेशनाजवळच्या पाहुरात भागात भारतीय खानावळीत सांगून केलेला वरण-भात. दिवाळीच्या सुट्टीत जायचं असेल आणि घरात कुणाचा चातुर्मास असेल, तर आधी त्या वर्षीच्या ‘जे’ उत्सवाच्या तारखा बघा. तो दर वर्षी दिवाळीला येतोच असं नाही. 2024 मध्ये तो आपल्या नवरात्रात होता.