त्या घरात पीठ कुठून आले?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. "तुमच्या कथांतली माणसे सारखी काही ना काही खात का असतात?" हा प्रश्न मला कार्यक्रम संपल्यावर विचारला जातो, पत्रांतून विचारला जातो, हस्तलिखिताच्या समासातही तो लिहून आलेला आहे. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा असे असते की, स्वयंपाकघर आले म्हणजे कथानक थांबले, आणि लिहिणारी बाई असल्यामुळे ती तिथे जरा जास्त रेंगाळते. यातला दुसरा भाग मला लागतो, पण त्यावर मी वाद घालत नाही. पहिल्या भागाला उत्तर द्यायला हवे, कारण एके काळी तो माझ्या बाबतीत खरा होता.

चुलीचा धूर आणि फोडणीचा वास आला की वाचकासमोर गाव आपोआप उभे राहते, असे मी तेव्हा ठामपणे म्हणत असे. याच समजुतीने मी १९७२ च्या दुष्काळावर एक कथा लिहिली. गाव मंगळवेढ्याच्या बाजूचे, म्हणजे आमचेच. नवरा-बायको दिवसभर खडी फोडून घरी येतात, ती चूल पेटवते, शाळूची पांढरीशुभ्र भाकरी थापते, तव्यावरून काढून आरावर टेकवते, भाकरी टम्म फुगते आणि लहान मुलगी टाळ्या वाजवते. हा परिच्छेद मी सात-आठ वेळा लिहून काढला होता. कथा दिवाळी अंकात छापून आली तेव्हा अनेकांनी नेमका तोच वाखाणला.

अंक घेऊन मी आत्याकडे गेले. तिला वाचता येत नसे, म्हणून ओसरीवर बसून मीच कथा वाचून दाखवली. ती शेंगा फोडत होती. भाकरीच्या वर्णनापाशी तिचे हात थांबले. तिला ते आवडले असावे असे वाटून मी अधिकच रंगून वाचत राहिले. कथा संपली तेव्हा तिने एवढेच विचारले, "आगं, पर त्या घरात पीठ कुठनं आलं?"

मला उत्तर सुचेना. मग तीच सांगू लागली. आमचा भाग ज्वारीचे कोठार म्हणवला जातो, पण त्या साली रानात कणीसच धरले नव्हते. रेशनवर मिलो मिळे, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना कडेने चिरायची आणि गार झाली की पोरांच्या दातांना तुटायची नाही. कामावर सुकडी, म्हणजे कोरडे पौष्टिक खाणे, वाटत. त्यातली निम्मी ती पदराच्या टोकाला बांधून घरी आणी आणि सासूची नजर चुकवून धाकट्या मुलीच्या तळहातावर ठेवी. "सासूबाईंचं म्हननं, समदी थोरल्याला द्यायची," ती म्हणाली, आणि पुन्हा शेंगा फोडू लागली. ती स्वतः खडीच्या कामावर होती हे मला त्या दुपारपर्यंत ठाऊक नव्हते. मी कधी विचारलेच नव्हते. तिच्याच घरासारखे घर मी कथेत उभे केले होते, आणि तिथल्या चुलीवर त्या वर्षी तिच्या वाट्याला न आलेली भाकरी भाजली होती.

कथा म्हणजे इतिहास नव्हे, त्या भाकरीत माझी माया होती, असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे. ते खोटेही नाही. पण पदराची ती गाठ मला आधी कळली असती, तर त्या घरातली सत्ता, भीती आणि मुलीची किंमत सांगायला दुसरा प्रसंग लागला नसता. तेव्हापासून माझ्या कथेत कोणी जेवायला बसले की धान्य कोणाच्या रानातले, दळले कोणी, आधी कोणाला वाढले आणि तळाचे खरवडून कोण खाणार, हे ठरल्याशिवाय मी पुढे लिहीत नाही.

सध्या मी यादवकाळातल्या देवगिरीवर लिहिते आहे. तिथे मिरची नाही, शेंगदाणा नाही, बटाटा नाही. हे सगळे पोर्तुगीज आल्यानंतरचे. तिखटपणा मिऱ्याचा, सुंठेचा, पिंपळीचा. पण मिरे मलबारातून येणार, मग ते कुंभाराच्या घरी रोज कसे असेल? बाराव्या शतकातला 'मानसोल्लास' पदार्थांबद्दल भरभरून सांगतो, परंतु तो चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा ग्रंथ. त्यातले ताट राजाचे आहे. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने वेढा घातला, तेव्हा धान्य समजून किल्ल्यात घेतलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी हकीकत फरिश्ता या फारसी इतिहासकाराने दिली आहे. ज्या कथेत राज्याचे भवितव्य गोणीत काय आहे यावर ठरते, त्या कथेतले स्वयंपाकघर मी कसे गाळू?

तरीही मी जिंकले असे मला म्हणता येत नाही. शाळूच्या भाकरीचा तो परिच्छेद आजही लोकांना आवडतो, आणि पिठाचा हिशेब मांडून लिहिलेली माझी नंतरची पाने काहींना कोरडी वाटतात. त्यांचेही चुकते असे नाही. आत्या आता नाही. ती जुनी कथा मी बदललेली नाही. बदलावी की तशीच राहू द्यावी हे मला ठरवता येत नाही. आणि वेढ्याच्या दिवसांत, गोण्या उघडल्या गेल्याची बातमी येते त्या संध्याकाळी, कुंभारीण चुलीवर मडके चढवते तिथे माझे प्रकरण थांबले आहे, कारण त्या मडक्यात काय आहे ते मला अजून ठाऊक नाही.