भेगेवरची पांढरी रेघ

रस्ते विभागात इस्टिमेट बनवायचं काम करते मी. बरीच इन्स्पेक्शन केली, पण हा दिवस डोक्यातून जात नाही. डोंगराच्या कडेने जाणारा छोटा रस्ता, एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. सुट्टीला व्ह्यू बघायला गाड्यांची रांग, एरवी शुकशुकाट. दुरुस्तीचा निधी मंजूर झालेला पण फक्त डांबरीकरणाच्या हेडखाली (खर्चाच्या खात्याखाली), म्हणजे वरचा थर नवा करायचा, गटार, मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट), संरक्षक भिंत काहीच त्यात बसत नव्हतं.

फायनान्सच्या मॅडम स्वतः साइटवर आल्या होत्या. ट्रॅफिक काउंट घेतलेला मंगळवार-बुधवारी, त्यामुळे एवढ्या वर्दळीसाठी जास्त पैसे कशाला हे त्यांचं म्हणणं कागदावर बरोबरच होतं. मग म्हणाल्या, फिरायला येणाऱ्यांच्या गाड्यांनीच रस्ता उखडतो ना, टाकू की अधूनमधून डांबर. तिथे मला राहवलं नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० मध्ये खास टेस्ट ट्रॅक बांधून त्यावर ट्रक फिरवले होते, त्यातून निघालं की एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं. त्या हिशोबात कार म्हणजे काहीच नाही. मॅडम, या रस्त्याला पाणी खातंय, म्हटलं.

त्यांना काही ते पटलेलं दिसेना. तेवढ्यात रस्त्याची रोजची देखभाल करणारे आमचे मैलकुली मामा म्हणाले, इकडे या जरा. वळणावर दरीच्या बाजूला, साइडपट्टीपासून हातभर आत लांबलचक भेग. मामांनी पावसाळ्याआधीच तिच्यावर पेंटने आडवी पांढरी रेघ मारून शेजारी तारीख टाकून ठेवली होती. आता रेघेचे दोन तुकडे झालेले, दरीकडचा तुकडा दोन पेरं खाली. मॅडम उकिडव्या बसल्या, त्या पायरीवरून बोट फिरवलं, बराच वेळ बोलल्याच नाहीत.

मग मोरीपाशी गेलो. मामांनी पहार घातली तर ती वीतभरसुद्धा आत जाईना, दगडमातीने ठासून भरलेली. डोंगराचं पाणी गटारातून यायचं, तिथे तुंबायचं आणि रस्त्याच्या पोटात मुरायचं. दरीकडच्या भिंतीतली पाणी निघायची भोकं, वीप होल्स, तीही बुजलेली, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही, मागचा भराव भिजून भिंतीला ढकलतोय. यावर नवं डांबर म्हणजे फक्त भेग झाकणं! आणि सुट्टीच्या दिवशी लोक पोराबाळांना घेऊन गाड्या लावतात त्या याच कडेला, हे सांगताना माझा आवाज चढला खरा.

मॅडमनी एवढंच विचारलं, हेड बदलून घ्यायला काय काय लागेल? म्हटलं रेघेचे फोटो, शनिवार-रविवारचा काउंट आणि रिवाइज्ड इस्टिमेट. डांबराची लांबी कमी केली, मोरी आणि भिंत आधी घेतली. खड्डे तसेच ठेवले म्हणून लोक चिडणार हे माहीत होतं, तरी मला आजही तेच बरोबर वाटतं.

दरीकडची बाजू त्याच दिवशी बॅरिकेड लावून बंद केली. निघताना बघितलं तर मामा जुन्या रेघेशेजारी नवी रेघ मारून आजची तारीख टाकत होते.